वाट पाहणारी माणसं

घाटातल्या खोदकामाच्या एका टोकाला गेनू उभा होता, दुसऱ्या टोकाला शेवंता. दोघांच्या हातात सारखाच लाल झेंडा, कमरेला येणाऱ्या गाड्यांना खूण पाठवणारा सारखाच पट्टा. तरी शेवंतापाशी गाड्या मुंगीच्या पावलाने जायच्या, माणसं काच खाली करून तिला हात करायची. गेनूपाशी मात्र नियमापुरता वेग कमी व्हायचा. आज तर एका टेम्पोचा आरसा त्याच्या कोपराला घासून गेला.

असं का, ते त्याने एकदा मुकादमाच्या जीपमध्ये बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पट्ट्याची खूण मिळताच गाडी बोलायची, "पुढे शेवंता काम करतेय. घरी तिची जुळी मुलं वाट पाहताहेत." त्याच्या वेळी म्हणायची, "पुढे गेनू काम करतोय," आणि गप्प व्हायची.

"पोरांच्या जिवावर मिरवतेय नुसती!" गेनूच्या पोटात दुखायचं ते दुखायचंच. जेवणाच्या सुट्टीत तो तडक मुकादमाकडे गेला.

"पट्ट्याच्या अर्जात 'घरी वाट पाहणारे' ही जागा मी रिकामी सोडलीय. तिथं दोन मुली लिहा."

"तात्या, पण तुम्ही तर एकटेच ना?"

"लिहा म्हटलं ना!"

दुपारी पहिलीच मोटार त्याच्यापाशी येऊन चक्क थांबली. आतल्या बाईंनी पेरूंची पिशवी पुढे केली.

"मुलींना द्या हं. नावं काय त्यांची?"

"थोरली मैना, धाकटी कस्तुरा," गेनू लगेच म्हणाला.

नावं त्याने तीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवली होती.