त्या वर्षीची लस

"सोडू नकोस, थेंब जिरू दे," ती ड्रॉपर उचलत आत्याला म्हणाली.

आत्याने मुठीतलं पिल्लू आणखी क्षणभर धरून ठेवलं. डोळ्यावरचा निळसर थेंब आत ओढला गेला, पिल्लाने पापणी मिचकावली, तेव्हा कुठे तिने ते पलीकडच्या कप्प्यात सोडलं. चौदा दिवसांची आठशे पिल्लं होती. लस गंबोरोची. हा रोग पिल्लांची प्रतिकारशक्तीच पोखरतो. एकदा शेडमध्ये शिरला की औषध चालत नाही.

शेड बाबांचीच. बंद पडलेली ती शेड लेकीने यंदा पुन्हा सुरू केली होती. तुसाचा तोच उबदार वास. चार वर्षांची असताना ती इथे पालथ्या क्रेटवर बसायची. बाबा शीळ घालत लस द्यायचे आणि मध्येच ओरडायचे, "मुकादम, किती झाली?" ती मनाला येईल तो आकडा ठोकून द्यायची. "शाब्बास!" म्हणत बाबा पुढचं पिल्लू उचलायचे.

मग ते वर्ष आलं. पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात गोळा झाली आणि आठवड्याभरात शेड रिकामी झाली. "लस द्यायचं माझ्याच डोक्यातून गेलं," बाबांनी सगळ्यांना सांगितलं. लोक तोंडावर हसले. बाबा पिठाच्या गिरणीत कामाला लागले. त्यांची शीळ पुन्हा कुणी ऐकली नाही. ते वारले तेही गिरणीतला माणूस म्हणूनच.

"बाबांचा किती जीव होता या पिल्लांवर," ती म्हणाली. "आणि तरी विसरले. एवढं एक मला अजून त्यांना माफ करता येत नाही, आत्या."

आत्याचे हात थांबले.

"दादा विसरला नव्हता गं. एकूण एक पिल्लाला लस दिली होती त्याने. मीच धरून देत होते."

"मग?"

"त्या सकाळी, आम्ही सुरू करायच्या आधीच, तू बर्फातल्या लसीच्या बाटल्या काढून उन्हात बसलीस. दादासारखी बाहुलीला लस देत. आणि गुपचूप परत ठेवल्यास. उन्हाने लस केव्हाच खराब झाली होती, आम्हाला काय माहीत! पिल्लं मरायला लागली तेव्हा तूच म्हणालीस, मी उन्हात बसून लस दिली, माझ्या बाहुलीला बघा काही झालं नाही."

तिने ड्रॉपर खाली ठेवला.

"इतकी वर्षं मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"त्याने शपथ घातली होती," आत्या म्हणाली. "म्हणाला, पोरीला कळलं तर ती जन्मात पुन्हा पिल्लाला हात लावणार नाही."