गुळवेल आणि कोरा चहा

जांभळ्या द्रावणात शाल्मलीने गुळवेलीचा अर्क टाकला. अर्कात अँटिऑक्सिडंट जितके जास्त, तितका रंग लवकर पिवळा होणार आणि तितकी तिची पीएच.डी. पक्की. रंग डुलत डुलत बदलू लागला.

"आता दुसऱ्या नळीत हा टाका," म्हणत परीक्षकांनी आपला कोरा चहा पुढे केला. तो पडताच द्रावण पिवळं!

"एवढ्या वर्षांच्या संशोधनापेक्षा कॅन्टीनचा चहा सरस की हो!"

मार्गदर्शक खिडकीबाहेर बघू लागले.

"सर, सकाळपासून खोकताय ना," शाल्मली परीक्षकांना म्हणाली, "म्हणून तुमच्या चहात ताजी गुळवेलच उकळायला सांगितली होती."

परीक्षकांनी घोट घेतला. "तरीच एवढा कडू लागतोय!" म्हणत त्यांनी सही ठोकली.

कॅन्टीनचा चहा बारा महिने कडूच असतो, हे अख्ख्या विद्यापीठाला ठाऊक होतं. परीक्षक तेवढे बाहेरगावचे होते.