पंधरा वॅटचा डबा

मंडळाच्या कार्यक्रमात विहंगची गिटार तिसऱ्या रांगेलाही ऐकू गेली नाही, तेव्हा अहल्याबाईंचं नाक कापलं गेलं. दुसऱ्याच दिवशी लेकाला घेऊन त्या पाणीगेटच्या दुकानात अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला आल्या. “बा, आ पंधरा वॅटनो. नानो पण जोरदार छे,” गुजराती दुकानदार छोटासा डबा पुढे सरकवत म्हणाला. “गुण सांगायला तू काय मुलीचा बाप आहेस? वाजू दे.” विहंगने तार छेडली. बटण वाढवलं तशी डब्याची घरघर वाढली, सूर पुसटच. “डब्यात खोट नाही, बा. भाईची बोटंच घाबरतात.” बाईंचे रिफायनरीत रात्रपाळी करणारे यजमान दिवसा झोपायचे, आणि बारा वर्षं गिटार जरा वाजली की बाई पोरावर खेकसायच्या. ते केव्हाच वारले होते. “मेल्या, आता कुणाची झोप मोडतेय? वाजव की जोरात!” त्या ओरडल्या. त्यासरशी विहंगचा तळहात जुन्या सवयीने तारांवर घट्ट बसला आणि सूर थांबला.