तळघरातून माझ्या खोलीपर्यंत

वडील जिन्यातून कधी हाक मारत नसत. तळघरातल्या त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करत, आणि वायरमधून ते शब्द वर माझ्या खोलीतल्या पडद्यावर उमटत. मी घर आणि आमचं डुलुथ शहर सोडलं, तरी त्यांनी तो कॉम्प्युटर बंद केला नाही. वडील वारल्यावर आई म्हणाली, "हेल्मी, ते धूड बंद कर एकदाचं. सारखं घुमतं."

बंद करण्याआधी मी माझ्या खोलीतली वायर लॅपटॉपला जोडली. संपर्काचा प्रोग्राम कसाबसा चालू झाला, पण पडदा कोराच. फोनवर वडिलांचा मित्र आर्वो वैतागला. "अगं, नुसता दोन्ही यंत्रांचा वेग जुळवून काय होतंय? 'मी तयार आहे' असा इशारा तुझ्याकडून जायला हवा. तोवर तुझ्या बापाचं यंत्र अक्षर सोडणार नाही. त्याच्यासारखंच हट्टी आहे."

"तोवर करतं काय?"

"त्यानं टाइप केलेलं सगळं धरून ठेवतं."

मी इशारा चालू केला. ओळ उमटली: हेल्मी, आलीस का?

खाली पुन्हा तीच. मग पुन्हा. पडदा भरला, तरी ती येतच राहिली.

"झालं का बंद?" आईनं खालून विचारलं.

"थांब जरा. त्यांचं बोलणं संपायचंय."