दंडावरचा दोरा

नर्सिंगच्या परीक्षेत खोटा पेशंट व्हायला नागझिऱ्याकडच्या जमुनाबाईंना बोलावलं होतं. सुईला शेवटपर्यंत नाहीच म्हणायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. पहिल्या मुलीनं त्यांच्या दंडावरचा दोरा कापायला कात्री उचलली, दुसरीनं अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. दोघी नापास. मग तिसरी, नूतन, पुढे आली.

"मावशी, दोरा कोणी बांधला जी?"

"आमच्या भुमक्यानं, गावच्या पुजाऱ्यानं, देवापुढे."

"मंग राहू द्या. दुसऱ्या हाताले टोचू का?"

जमुनाबाईंनी झटकन दुसरी बाही वर सारली.

परीक्षक मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, नाही म्हणायचं नाटक करायचं होतं ना!"

"नाटक कायचं, बाई? या दोऱ्यापायी मांगच्या साली दवाखान्यातून पळून आली मी. आता हिच्या हाती खरी सुई द्या."