मंजिरीवरची मधमाशी

बाल्कनीतल्या तुळशीच्या मंजिरीवर वृंदाताईंना मधमाशी दिसली. शहरात कित्येक वर्षांत कुणी मधमाशी पाहिली नव्हती.

"अहो, यंत्र बंद करा! उडायच्या आत!"

प्रत्येक बाल्कनीत किरणयंत्र होतं. हवेत उडणारा कुठलाही किडा ते क्षणात मारून टाकायचं. मघाशी वीज गेली होती तेवढ्यात ही मधमाशी आली असावी; आता यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची लेक रेवती डेंग्यूने गेली, तेव्हा शिरीषरावांनीच घरोघरी हात जोडून ती यंत्रं बसवून घेतली होती. वृंदाताईंनी मात्र फुलझाडं लावणं आणि मधमाश्यांसाठी वाटीत पाणी ठेवणं कधी सोडलं नाही.

शिरीषराव धावले. त्यांचं बोट बटणावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"दाबा ना!"

मधमाशी उडाली. चट् असा बारीक आवाज झाला.

"तेवढ्यात एखादा डास आत आला असता तर..." शिरीषराव पुटपुटले. "हात धजलाच नाही गं."

वृंदाताईंनी मधमाशी तळहातावर घेतली. तिच्या पायांना अजून पराग चिकटलेले होते.

"कुठेतरी पोळं असेल हिचं," त्या म्हणाल्या. "वाट बघत असतील."

शिरीषरावांनी तेव्हा कुठे बटण दाबलं आणि ते भिंतीला टेकून रडू लागले.