भर समुद्रातली जागा

ब्रायटनहून खूप आत, एका बुडालेल्या जहाजाभोवती उन्हाळ्यात बास मासे जमतात. ती जागा शिरीषने बायकोलाही सांगितली नव्हती. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणे! ठाऊक होती ती फक्त लेकीला, ऋजुताला, आणि तीही यंदा ऑफिसचं काम सांगून बोटीवर यायचं टाळत होती.

आज तिथे मित्राची, मुकुंदची बोट दिसली आणि शिरीषचं टाळकंच सरकलं.

“चोरा! माझ्या घरी जेवतोस आणि माझ्याच ताटात हात घालतोस? पाठलाग केलास ना माझा?”

मुकुंदने मागे वळून पाहिलं. त्याच्यामागून, हातात गळ घेऊन ऋजुता उभी राहिली.

“बाबा, काकाला जागा मीच दाखवली. माझा मासा सुटला तरी काका ओरडत नाही.”